प्रोस्टेटची साधी वाढ: तपासण्या, गोळ्या आणि ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पाठवणारा बहुतेक वेळा रुग्ण स्वतः नसतो, मुलगा, सून किंवा बायको असते. म्हणून प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ही माहिती साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या वाढीची आहे.

१. प्रोस्टेट म्हणजे नेमकं काय आणि ती वाढते कशामुळे?

मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या मार्गाला वेढून बसलेली ही पुरुषांतली ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन साधारण २० ग्रॅम असते. साधी वाढ होते ती मार्गाला लागून असलेल्या आतल्या भागात, त्यामुळे वाढ थोडी असली तरी मार्ग दाबला जाऊ शकतो.

वाढीला दोन गोष्टी लागतात: वय आणि डीएचटी हे संप्रेरक. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारे विकर म्हणजे फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज. हे विकर जन्मतःच कमी असलेल्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पुरुषांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहत होती. फिनास्टेराइड या औषधाची कल्पना तिथूनच पुढे आली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पन्नाशी ओलांडलेल्या साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीनंतर जवळजवळ सगळ्यांत. सायकल, मोटरसायकल, तालमीतली मेहनत किंवा ब्रह्मचर्य यांमुळे ती वाढत नाही.

२. सोनोग्राफीत 'प्रोस्टेट ४५ ग्रॅम, ग्रेड २' आलंय. आता ऑपरेशन करावंच लागेल का?

फक्त या आकड्यावरून नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त भेटतो आणि सर्वांत जास्त घाबरवतो. ९० ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल तर माणूस निवांत असतो. उलट ३० ग्रॅमच्या ग्रंथीची मधली पाळी मूत्राशयात बुचासारखी वर आली असेल तर त्याला धार सुटायला पाच मिनिटे लागतात. उपचार अडथळ्यावर करायचे असतात, आकारावर नाही.

रिपोर्टमध्ये आकाराखाली आणखी काय लिहिले आहे ते वाचा: लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरली, मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे का, आत खडा आहे का, मधली पाळी वर आली आहे का, आणि दोन्ही किडन्या फुगल्या आहेत का. किडनीची ओळ सर्वांत महत्त्वाची.

आकार काढताना लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात. पोटावरून मोजताना एखाद्या मापात तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी उत्तर बदलते. सहा महिन्यांत ४२ चे ४७ झाले, तर ती वाढ मानू नका.

शिल्लक लघवीचा आकडाही फसवतो. दोन लिटर पाणी पिऊन, बाकावर तासभर ताटकळून, मूत्राशय ताणले गेल्यावर लघवी केली की ती पूर्ण होत नाही आणि '१८० मिली शिल्लक' असे लिहून येते. साधारण लागली आहे असे वाटताच तपासणी करून घ्या. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा लघवी करून मोजायला सांगा.

३. त्रास किती आहे हे ठरवायचं कसं? बाबा तर 'बरं आहे' एवढंच म्हणतात.

त्यासाठी आयपीएसएस नावाची प्रश्नावली आहे. गेल्या महिन्याभराबद्दल सात प्रश्न: पूर्ण झाली नाही असे वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का, धार तुटते का, घाई होते का, धार बारीक आहे का, कुंथावे लागते का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि त्याच्या पुढे तीव्र. आठवा प्रश्न वेगळा मोजतात: उरलेले आयुष्य असेच काढायचे झाले तर कसे वाटेल? आमच्या मते निर्णयाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. उत्तरे बाबांनी स्वतः द्यावीत, शेजारी बसून मुलाने भरू नयेत. काहीही न बोलणाऱ्यांसाठी प्रश्न १२ जरूर वाचा.

४. युरोफ्लो ही तपासणी कशासाठी?

धारेचा वेग मोजायला. यंत्राच्या भांड्यात नेहमीसारखी लघवी करायची, सुई नाही, नळी नाही. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. मात्र एकूण लघवी किमान १५० मिली झाली पाहिजे. ८० मिलीवर काढलेला आलेख वाचण्यात अर्थ नाही, तो परत करावा. आलेख डोंगरासारखा चढून उतरण्याऐवजी पठारासारखा सपाट आला तर प्रोस्टेटपेक्षा मूत्रमार्ग आक्रसल्याची शंका येते. पस्तीस-चाळिशीतल्या माणसाची धार बारीक असेल तर हे आधी पाहावे.

५. याचा पुढे कॅन्सर होतो का? पीएसए ६ आलंय.

साध्या वाढीचे रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) आणि गुदद्वारातून बोटाने तपासणी केली जाते.

पीएसए ४ च्या वर गेले म्हणजे कॅन्सर असे नाही. मोठी ग्रंथी, लघवीतला जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी यांनीही ते चढते. संसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी तपासा. तपासणीआधी दोन दिवस वीर्यस्खलन टाळा. पुन्हा केल्यावरही जास्त आले तर पुढे एमआरआय किंवा बायॉप्सी. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असणाऱ्यांचे गणित निराळे आहे, ते प्रश्न ८ मध्ये दिले आहे.

६. गोळी चालू आहे, धारही सुधारली, तरी रात्री चार-पाच वेळा उठावंच लागतं. का?

कारण रात्रीचे उठणे अनेकदा प्रोस्टेटमुळे नसतेच. हे शोधायला डायरी लागते. एक लिटरचे प्लास्टिकचे माप आणा आणि तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक लघवीची वेळ आणि मिली लिहा. झोपल्यापासूनची लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, एवढी 'रात्रीची' धरा. पासष्टीच्या पुढे ही दिवसभराच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर शरीर रात्री लघवी जास्त बनवत आहे. मूत्राशयाचा मार्ग कितीही मोकळा केला तरी ती बाहेर यायचीच.

कारणे बरीच असतात. दिवसभर पाय लोंबकळत बसल्याने सूज येते आणि आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते. संध्याकाळी पाय तासभर उशीवर ठेवले तर झोपण्याआधीच ते निघून जाते. पाणी काढणारी गोळी रात्री घेतली जात असेल तर ती दुपारी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्री तांबडा-पांढरा रस्सा भुरकला की मिठामुळे तहान लागते, तांब्या रिकामा होतो आणि पहाटेपर्यंत फेऱ्या होतात. घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हेही एक कारण आहे. रक्तातली साखर तर तपासायचीच.

शेताला रात्रीची लाईट असेल आणि उसाला पाणी पाजायला जागे राहत असाल, तर त्या आठवड्यात डायरी भरू नका. तो हिशेब चुकेल.

प्रत्येक वेळी ८०-१०० मिलीच होत असेल, तर मात्र मूत्राशय साठवू शकत नाही असा अर्थ. त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

७. काहीच औषध न घेता थांबलं तर?

सौम्य त्रासात थांबणे हा रीतसर पर्याय आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांपैकी निम्म्यांचे दुर्बिणीतून ऑपरेशन केले आणि उरलेल्यांवर फक्त लक्ष ठेवले. लक्ष ठेवलेल्या गटातल्या सुमारे २४ टक्के लोकांना तीन वर्षांत ऑपरेशन करून घ्यावे लागले. बाकीच्यांना तेवढ्या काळात लागले नाही. ज्यांना सुरुवातीला त्रास जास्त वाटत होता त्यांना ऑपरेशनचा फायदाही जास्त झाला.

थांबायचे म्हणजे विसरायचे नाही. वर्षातून एकदा आयपीएसएस, शिल्लक लघवी, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि गरजेप्रमाणे पीएसए.

८. मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. फरक काय?

टॅम्सुलोसिन (०.४ मिग्रॅ), सिलोडोसिन (८ मिग्रॅ), अल्फुझोसिन (१० मिग्रॅ) हा अल्फा-ब्लॉकर गट. ही औषधे मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक कळतो, पण ग्रंथी तेवढीच राहते.

फिनास्टेराइड (५ मिग्रॅ) आणि ड्युटास्टेराइड (०.५ मिग्रॅ) डीएचटी कमी करून ग्रंथी आकसवतात, साधारण पाव हिश्शाने. त्याला सहा महिने लागतात. दीड महिन्यात 'गुण नाही' म्हणून बंद करणे ही नेहमीची चूक आहे. ग्रंथी ३०-४० मिलीपेक्षा (म्हणजे जवळपास तेवढ्याच ग्रॅमपेक्षा) लहान असेल तर यांचा फारसा उपयोग होत नाही.

या दुसऱ्या गटाने पीएसए सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येते. रिपोर्टमध्ये २.५ असेल तर ते ५ समजावे. एकदा खाली आलेले पीएसए गोळी चालू असताना पुन्हा चढू लागले, तर आकडा 'नॉर्मल'मध्ये असला तरी युरॉलॉजिस्टला दाखवा. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर गोळीचे नाव लिहा. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली गोळी किंवा कॅप्सूल तिने हाताळू नये. ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने रक्तदान करू नये.

९. टॅम्सुलोसिननं बरं वाटतंय, मग डॉक्टर दुसरी गोळी का वाढवतात?

बरे वाटणे आणि आजार पुढे सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००३ च्या एमटॉप्स चाचणीत ३,०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षे पाहिले. आजार पुढे गेला तो निव्वळ प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर, १७ टक्के जणांत, एकेका औषधावर १० टक्के जणांत आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ५ टक्के जणांत. महत्त्वाचे असे की लघवी तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा दीर्घकालीन धोका फिनास्टेराइडने कमी झाला. एकट्या अल्फा-ब्लॉकरने लक्षणे कमी झाली, पण हा धोका तेवढाच राहिला. त्याआधी १९९८ मध्ये ३,०४० पुरुषांच्या चार वर्षांच्या चाचणीत फिनास्टेराइडने लघवी तुंबण्याचे प्रमाण ७ वरून ३ टक्क्यांवर आणि ऑपरेशनचे १० वरून ५ टक्क्यांवर आले होते.

हेच आकडे उलट बाजूने वाचा: चार वर्षे गोळी घेतली तेव्हा शंभरातल्या चार-पाच जणांचा फायदा झाला. म्हणून दुसरी गोळी सगळ्यांना लागत नाही. ग्रंथी मोठी, पीएसए दीडच्या वर आणि त्रास मध्यम ते तीव्र असेल तर ती योग्य.

१०. गोळ्यांनी चक्कर येते, वीर्य येत नाही. बंद करू का?

चक्कर अल्फा-ब्लॉकरची, विशेषतः पहिल्या काही दिवसांत आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. गोळी रात्री घ्या. उठताना आधी कुशीवर, मग मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून, मग उभे राहा. दिवा लावूनच मोरीकडे जा. अंधारात पडून खुब्याचे हाड मोडणे लघवीच्या त्रासापेक्षा फार महागात पडते.

वीर्य बाहेर न येणे सिलोडोसिनमध्ये जास्त दिसते. हे निरुपद्रवी आहे आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत होते. इच्छा किंवा ताठरता कमी होणे, स्तन दुखणे हे दुसऱ्या गटाचे परिणाम. न लाजता सांगा, औषध बदलता येते.

दोन इशारे. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर नेत्रतज्ज्ञांना टॅम्सुलोसिन घेत असल्याचे आधीच सांगा. या गोळीने बुबुळाचा पडदा ढिला पडतो, हे २००५ पासून माहीत आहे. गोळी पूर्वी घेतली होती आणि आता बंद आहे, तरी सांगायचे. दुसरे, लघवीसाठी रोज ५ मिग्रॅ टॅडालाफिल दिले असेल तर छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घ्यायची नाही, रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. हृदयविकार असलेल्यांनी टॅडालाफिल सुरू करण्याआधीच तसे सांगावे.

११. सॉ पाल्मेटो किंवा काढ्यानं उतरते का? शेजारच्या काकांना फरक पडला.

सॉ पाल्मेटोवर चांगले संशोधन झाले आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर देऊन पाहिले, प्लासिबोपेक्षा फरक नाही. २०११ मध्ये ३६९ पुरुषांत नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत गेले. लक्षणांचे गुण औषधाने २.२ ने आणि प्लासिबोने जवळजवळ ३ ने उतरले. काकांचे खोटे नाही: काहीही न घालता केलेल्या गोळीनेही लक्षणे उतरतात, शिवाय हा त्रास मुळातच चढउतार करत असतो.

गोखरू, वरुण, कांचनार घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका आणि चालू गोळी आपल्या मनाने थांबवू नका. नाव-घटक नसलेली पुडी मात्र घेऊच नका. काही भस्मांत जड धातू सापडले आहेत, आणि अडथळ्याने आधीच ताणलेल्या किडनीला ते झेपत नाहीत.

१२. आमच्या मालकांची काहीच तक्रार नाही, पण अलीकडे झोपेत अंथरूण ओलं होतं. वयानं होतं का?

नाही. हे वयावर ढकलू नका, याच आठवड्यात सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा. मूत्राशय हळूहळू भरून कायमचे तुंबलेले असते, दुखत नाही आणि झोपेत वरचे पाणी सांडते. ओटीपोटात गच्च गोळा लागतो. आतला दाब वर किडन्यांपर्यंत जाऊन त्या निकामी होऊ शकतात. भूक मरणे, मळमळ, पायांवर सूज ही त्याचीच चिन्हे.

अशा रुग्णाला गोळी देऊन घरी पाठवायचे नसते, आधी नळी घालतात. नळीनंतर काही जणांना तासाला २०० मिलीपेक्षा जास्त लघवी होऊ लागते आणि पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात, म्हणून दाखल ठेवून मोजमाप करतात. ऑपरेशन क्रिएटिनिन खाली येऊन स्थिरावल्यावर.

१३. लघवी अचानक पूर्ण बंद झाली तर?

जवळच्या दवाखान्यात नळी घालून घ्या. पाणी पीत राहू नका, फुगा आणखी ताणला जातो. पुण्याला पाच तासांच्या बस प्रवासात लघवी धरून ठेवणे, बद्धकोष्ठता, दारू, हर्निया-मूळव्याधीचे ऑपरेशन आणि सर्दीच्या गोळ्या ही नेहमीची निमित्ते. सर्दीच्या गोळीतले फेनिलएफ्रिन मूत्राशयाचे तोंड आवळते आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

नळी घातल्यावर अल्फा-ब्लॉकर देऊन दोन-तीन दिवसांनी ती काढून पाहतात. अल्फुझोसिनच्या एका मोठ्या चाचणीत गोळी घेतलेल्यांपैकी ६२ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांना नळी काढल्यावर लघवी झाली. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. नळी मांडीला चिकटवा आणि ओढू नका, आत फुगा फुगवलेला असतो.

१४. दुर्बिणीचं ऑपरेशन की लेझर?

शतकापूर्वी पोट उघडूनच ग्रंथी काढत. भारतात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत नोकरी करून परतलेल्या पीटर फ्रेयर यांनी १९०० च्या सुमारास लंडनमध्ये ती पद्धत रूढ केली. आज ३० ते ८० मिलीच्या ग्रंथीसाठी टीयूआरपी हे मापदंड मानले जाते: कमरेत भूल देऊन, लघवीच्या मार्गातून, तारेच्या कडीने आतला भाग कापायचा. जुन्या पद्धतीत ग्लायसिनचे पाणी वापरतात. ते जास्त शोषले गेले तर रक्तातले सोडियम उतरते, म्हणून वेळेची मर्यादा असते. बायपोलर यंत्र सलाइनवर चालते, त्यात हा धोका जवळजवळ राहत नाही. कोणते यंत्र आहे हे जरूर विचारा.

मोठ्या ग्रंथीला होल्मियम लेझर. शहाळ्यातली मलई कवटीपासून सोडवावी तसा वाढलेला भाग आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तिथे बारीक करून ओढून घेतात. रक्तस्राव कमी, नळी लवकर निघते. पण हे शिकायला वेळ लागतो. आमचे मत स्पष्ट आहे: यंत्राच्या नावापेक्षा त्या सर्जनने ते ऑपरेशन किती वेळा केले आहे हे विचारा.

दोन्हींत वीर्य मागे मूत्राशयात जाण्याची शक्यता मोठी, टीयूआरपीत दहापैकी सहा-सात जणांना. ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही.

१५. वाफेचं किंवा क्लिप लावायचं ऑपरेशन कुणासाठी?

वाफेने वाढलेला भाग आटवतात, क्लिपने तो बाजूला ओढून धरतात. मध्यम आकाराची ग्रंथी आहे आणि वीर्यस्खलन टिकवायचे आहे त्यांच्यासाठी. सुधारणा टीयूआरपीपेक्षा कमी आणि काही वर्षांत पुन्हा उपचार लागण्याची शक्यता जास्त. वाफेनंतर सूज उतरेपर्यंत काही दिवस नळी ठेवावी लागते.

१६. ऑपरेशनला बारा दिवस झाले, सगळं ठीक होतं आणि आज लघवी लाल आली!

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आतली खपली निघते, तेव्हा हे होते. कोकम सरबतासारखा लालसर, पारदर्शक रंग असेल तर आडवे पडा आणि भरपूर पाणी प्या, बहुधा दिवसभरात निवळते. काळसर गुठळ्या पडत असतील, धार अडत असेल किंवा ताप असेल तर लगेच रुग्णालयात जा. गुठळी अडकली की लघवी तुंबते.

हे टाळण्यासाठी चार ते सहा आठवडे मोटरसायकल, ट्रॅक्टर, वैरणीचे भारे आणि शौचाला कुंथणे बंद. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते लिहून घ्या. हृदयात स्टेंट असेल तर ती ऑपरेशनआधीही परस्पर थांबवायची नाही.

काढलेल्या तुकड्यांचा बायॉप्सी रिपोर्ट हातात घ्या, क्वचित त्यात कॅन्सर निघतो. ऑपरेशननंतरही बाहेरचा भाग आत राहतोच, म्हणून पीएसएची तपासणी संपत नाही.

१७. योजनेतून होतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला) रेशन कार्ड, आधार आणि सोनोग्राफी-युरोफ्लोचे रिपोर्ट दाखवा. ठरवून केलेल्या ऑपरेशनची मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल भरून मग योजना लावता येत नाही.

१८. ऑपरेशन नीट झालं म्हणतात, तरी घाई होते. आणि आमच्याच गल्लीतल्या एकांना तर नळीशिवाय लघवीच होत नाही. असं का?

घाई पहिले तीन महिने राहू शकते. वर्षानुवर्षे अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाची भिंत जाड आणि चिडकी झालेली असते. संसर्ग नाही आणि शिल्लक लघवी कमी आहे हे पाहून सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन देता येते. शिल्लक जास्त असताना सोलिफेनासिन दिले तर लघवी तुंबू शकते.

लघवी होतच नसेल तर दोन शक्यता: मार्ग पुन्हा आक्रसला, किंवा मूत्राशयातच जोर उरलेला नाही. दुसरी गोष्ट जुना मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन, मणक्याचा आजार किंवा प्रश्न १२ मधले दीर्घकाळ तुंबणे यांत दिसते. म्हणून अशा रुग्णांचे ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक करावे. बारीक नळीने मूत्राशयातला दाब मोजतात: दाब जास्त आणि धार कमी म्हणजे अडथळा, दाबही कमी म्हणजे स्नायू थकलेला.

स्नायू थकलेला असेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवतात. हात साबणाने धुवायचे, नळीला जेली लावायची, लघवी थांबली की हळूच बाहेर काढायची. कायमच्या नळीपेक्षा यात संसर्ग कमी होतो, पिशवी बाळगावी लागत नाही आणि काही जणांत महिन्यांनी मूत्राशयाचा जोर थोडा परततो. दर वेळी किती निघाली ते वहीत लिहा. स्वतःहून होणारी वाढत जाऊन नळीने निघणारी १०० मिलीच्या खाली आली की फेऱ्या कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.